दात काढणारे येतात, बसवणारं कोणी नाही

३ एप्रिल

पोचलो एकदाचे. विमानात सासूबाईंनी कवळी काढून कागदी पेल्यात ठेवली आणि पाणी देणाऱ्या मुलीनं पेला रिकामा समजून उचलून नेला. मग मी, वय वर्षं सेहेचाळीस, विमानाच्या शेपटाशी उभी राहून कचऱ्याच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. कवळी सापडली. ओळख पटवायला अडचण आली नाही, कारण ती मीच केलेली आहे. लग्नाआधीपासून माझा हाच धंदा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळ्या करून परत पाठवते. माणसं कधी दिसत नाहीत, नुसते जबडे येतात. तक्रार नाही. जबडे उलट बोलत नाहीत.

विमानतळावर घ्यायला मिशनचे प्रमुख स्वतः आले होते. आपल्याकडचेच आहेत, पण आयुष्य इथे गेलं. गाडी बंद पडली तर म्हणाले, "प्रभूचे आभार." ढकलत ढकलत चढावर नेली तर, "आभार, आभार." मिशनचं फाटक यायच्या आत आमच्या चिमणीनं त्यांचं नाव आभारकाका ठेवून टाकलं.

४ एप्रिल

आपण इथे का आलो हे एकदा लिहून ठेवावं. नाहीतर चार दिवसांनी मलाच आठवायचं नाही.

आम्ही चौघं तीन आठवड्यांच्या पाहणीवर आहोत. मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेत गणित शिकवतात. चिमणी यंदा बारावी झाली. तिचं तोंड सोडलं तर ती सबंध बापावर गेली आहे. तिसऱ्या सासूबाई. चौथी मी. मिशनरी म्हणून परदेशात आयुष्य काढायचं आपल्याला झेपेल का, ते बघायला आमच्या चर्चच्या मंडळीनं आम्हाला प्रार्थना करून, हार घालून पाठवलंय. मुलगी बघायला गेल्यासारखंच आहे हे. फक्त कोण कुणाला बघतंय ते कळत नाही, आणि सगळेच दात दाखवतायत.

जमलं तर मास्तरांचा राजीनामा, घराला कुलूप, चिमणीचं कॉलेज इथे, सासूबाईंचं म्हातारपण इथे. माझं काय, हे कुणी विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.

आमच्या घरात मोठा निर्णय एकमतानं होतो. आधी प्रार्थना, मग ज्यानं त्यानं आपलं मत सांगायचं. चौघांत एक जरी "नाही" म्हणालं तरी बेत रद्द. नियम झकास आहे. गॅलरी बंद करून घ्यायची की नाही, इथवर तो फार छान चालतो. पण देवानं बोलावलंय म्हटल्यावर "नाही" म्हणायला तोंड कुणाचं उघडणार?

हे सगळं सुरू झालं गेल्या पावसाळ्यातल्या सभेत. बाहेरून आलेले वक्ते तासभर बोलले आणि शेवटी म्हणाले, "ज्यांना पाचारण झालंय त्यांनी उभं राहावं." चहाची जबाबदारी माझ्याकडे होती. दूध उतू जायच्या भीतीनं मी उठले. दाराशी पोचून मागे बघते तर मास्तर उभे! डोळे मिटलेले, हात जोडलेले. त्यांच्या शेजारी चिमणी उभी, तिच्या शेजारी सासूबाई. सगळी मंडळी टाळ्या वाजवतेय. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्या माणसाच्या मनात एवढं काही चाललं होतं आणि मला पत्ता नाही. मग मीही होते तिथेच उभी राहिले. दूध गेलं उतू.

६ एप्रिल

इथे बूड म्हणून टेकत नाही. पाहुण्यांच्या चार खोल्या आहेत आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी नवीन येतं, की आम्ही गाठोडी उचलून पुढच्या खोलीत. पहिल्या खोलीत खिडकी बंद होत नव्हती, आताच्या खोलीत उघडत नाही. पंखा फिरतो, पण वारा स्वतःपुरताच घेतो. सासूबाई विचारतात, "अगं, आज आपण कुठे राहतो?" चिमणी सकाळ-संध्याकाळ कुंपणाच्या आतून पळते. घरी ती मैदानावर पळते, धावपटू आहे. इथे फेरी इतकी छोटी की दर मिनिटाला खिडकीतून तिचं डोकं जातं. "कसं वाटतंय गं?" म्हटलं की, "चालेल." चौथ्यांदा विचारलं तरी "चालेल". या वयात इतकी आज्ञाधारक मुलगी म्हणजे देवाचीच करणी.

मास्तर तर पार बदललेत. पहाटे शाळेच्या वेळेला आपोआप उठतात, विजार-सदरा घालून पलंगाच्या कडेला बसून राहतात. संध्याकाळी शाळेतल्या मित्राला फोन करून वेळापत्रक कुणी लावलं, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, असं बारीकसारीक विचारतात. मला वाटतं, एकेक पाश मोजून सोडतायत. जेवताना रोज एकच प्रश्न: "तुला कसं वाटतंय इथे?" परीक्षाच ही. माझी श्रद्धा तपासतात. मी म्हणते, "छान आहे की." ते म्हणतात, "हो, छानच आहे." मग आम्ही दोघं ताटाकडे बघत जेवतो.

८ एप्रिल

मास्तरांना मिशनच्या शाळेत जुंपलंय, मला दवाखान्यात. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, लांब व्हरांडा, व्हरांड्यात बाक. सगळा कारभार एका नर्सबाईच्या हातात. अंगानं भरलेली, जिभेनं त्याहून. आमचं बोलणं इंग्रजीचे हातपाय मोडून चालतं. इथे मी ते मराठीत उतरवते, म्हणजे दोघींची अब्रू राहील.

भिंतीवर मोठा तक्ता आहे. मिशनची दंतशिबिरं. वर्षातून दोनदा परगावाहून डॉक्टरांची तुकडी येते, आणि आजवर चार हजारांवर दात काढलेत. आभारकाकांनी आम्हाला तक्त्यापुढे उभं करून फोटो काढला.

मी नर्सबाईला विचारलं, "आणि बसवता कुठे?"

"काय बसवता?"

"दात. काढलेल्यांच्या जागी."

केस कापणाऱ्याला जाऊन "कापलेले परत कधी चिकटवणार?" असं विचारावं, तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "काढणारे येतात," ती म्हणाली. "बसवणारं कोणी येत नाही. काढलेल्याचा आकडा होतो ना."

मग मी बाकाकडे नीट बघितलं. सगळ्यांची तोंडं आत गेलेली. चाळिशीची बाई सत्तरीची दिसतेय. हसायची वेळ आली की हात तोंडावर. इतके जबडे हाताखालून गेले, पण त्यांना चेहरे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

फार चीड आली. दुपारचं जेवले नाही. अर्थात जेवणही काही खास नव्हतं.

९ एप्रिल

पुन्हा खोली बदलली. आताची धोबीघराला लागून. भिंत दिवसभर हादरते.

११ एप्रिल

दवाखान्याच्या मागच्या कपाटात सात खोकी सापडली. कुठल्याशा चर्चनं कधीकाळी दान पाठवलेली, सील न तोडलेली. नर्सबाईला वाटत होतं भिंतीच्या रंगाचं सामान आहे. उघडून बघते तर माप घ्यायची पावडर, प्लास्टर, मेण, हिरड्यांची गुलाबी पूड, आणि पट्ट्यांवर लावलेले दातांचे संच, सगळ्या छटांचे. मी खाली फरशीवरच बसले. गावजेवण वाढून ठेवावं आणि लोकांनी दाराबाहेर उपाशी बसावं, असलाच प्रकार. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथे दात कपाटात आणि हिरड्या बाकावर.

आभारकाकांना सांगितलं. म्हणाले, "बघा, प्रभूनं आधीच तरतूद केली होती! आभार." मी म्हटलं, "तरतूद केली होती, आपण कपाट उघडलं नव्हतं." ते हसले. त्यांना टोमणा लागत नाही, सगळं आभारावर निभतं.

डॉक्टर नसताना लोकांच्या तोंडात हात घालायची माझी पद्धत नाही. तसं नर्सबाईला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर सहा महिन्यांनी येईल. काढायला." इतकंच म्हणून तिनं बाकावरचा पहिला माणूस आत ढकलला.

हा पहिला म्हणजे लिलाववाला. बाजारात भाजीच्या गाड्या लागतात तिथे भाव पुकारायचा. मागच्या शिबिरात वरचे सगळे काढले, खालचे बहुतेक. आता पुकारलं की आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही, थुंकी मात्र जाते. म्हणून मेहुणा पुकारतो आणि हा पाट्या उचलतो. मला म्हणाला, "बाई, बायकोचा भाऊ माझ्या स्टुलावर उभा राहतो. मेलेलं बरं." मी म्हटलं, "तोंड उघड आधी." माप घेतलं. पक्कं बसलं.

१३ एप्रिल

मेण मऊ करायला आणि पुढे कवळी साच्यात उकळून पक्की करायला मोठं पातेलं हवं होतं. स्वयंपाकघरातलं दुधाचं घेतलं. चिमणी किंचाळली, "आई! त्याच्यात उद्या माझा चहा होणारे!" मी म्हटलं, "उकळतंय ना? मग?" आता ती घरच्यांसाठी वेगळ्या भांड्यात दूध तापवते आणि त्यावर कागद चिकटवते: हे तोंडात घालायचं आहे. बापावर गेलेली असली तरी अक्षर माझं.

मास्तर म्हणाले, "तू फार दमतेस. जपून." मी म्हटलं, "तुमच्या कामापुढे माझं काय!" ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात धोबीघरातलं यंत्र सुरू झालं.

१४ एप्रिल

आज मेणात बसवलेले दात लिलाववाल्याच्या तोंडात घालून बघितले. पक्की कवळी करायच्या आधी हे करावंच लागतं. चावा कुठे पडतो, ओठ किती उचलला जातो, शब्द कुठे अडतो, सगळं तेव्हाच दुरुस्त होतं. घरी हे काम डॉक्टरांचं. मला नुसती चिठ्ठी यायची, "वरचे जरा आत घ्या." आता पुढ्यात सबंध माणूस.

मी म्हटलं, "बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"आकडे म्हण. रोजचे."

तो पुटपुटायला लागला. मी म्हटलं, "बाजारात असा पुकारायचास? तरीच मेहुणा चढला स्टुलावर." नर्सबाईनं भाषांतर करताना त्यात स्वतःचा मसालाही घातला असावा, कारण त्याचे कान लाल झाले. खुर्चीतून उठला, दवाखान्याची तिपाई दोन्ही हातांनी वर धरली आणि असा काही पुकारा केला की व्हरांड्यातली कुत्री उठून बसली. तिपाईचा लिलाव! बाकावरून एका म्हातारीनं बोली लावली. तिच्यावर दुसऱ्यानं. पोरं खिडकीत. नर्सबाई ओरडतेय, "ती मिशनची आहे, मिशनची!" आणि हा वर, वर, वर चढवत नेतोय. म्हाताऱ्या पोटं धरून हसतायत. काहींचा हात तोंडावर जायचाच राहून गेला. एकदा, दोनदा, तीनदा! तिपाई त्या पहिल्या म्हातारीला सुटली. ती घेऊन चाललीसुद्धा होती.

मेण एका बाजूला सरकलं. सगळं परत लावावं लागलं. एकूण अख्खी सकाळ फुकट गेली.

घरी येऊन मास्तरांना, चिमणीला, सासूबाईंना सगळं करून दाखवलं, तिपाईसकट. चिमणी म्हणाली, "आई, तू केव्हाची बोलतेयस. आमटी निवली." मास्तर माझ्याकडे बघत राहिले. आनंदानं म्हणावं तर तसंही दिसेना.

१६ एप्रिल

बाकावर सोळा जण. सगळ्यांची मापं घेतली. संध्याकाळी अंग आंबलं. इथे मन म्हणून लागत नाही.

१७ एप्रिल

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

वीस तारखेला आभारकाकांपुढे होकार-नकार सांगायचा आहे, म्हणून सकाळी न्याहारीला मास्तरांनी एकमताचा विषय काढला. प्रार्थना झाली. मास्तर म्हणाले, "कुणी सुरुवात करतंय का?" कुणी करेना. चिमणी पाव कुरतडत बसली. मी म्हटलं, "तुम्हीच करा. पाचारण तुम्हाला आहे."

मास्तर म्हणाले, "मला?"

"मग कुणाला? भर सभेत उभे राहिलात की."

"अगं, तू उभी राहिलीस म्हणून राहिलो! म्हटलं, बायको एवढं पाऊल उचलतेय आणि आपण बसून राहायचं?"

"मी चहा बघायला उठले होते!"

चिमणीनं पाव खाली ठेवला. "म्हणजे? तुम्ही दोघं उभे म्हणून मी उभी राहिले. मला वाटलं, तुमचं घरी आधी ठरलंय आणि मला सांगायचं राहिलं."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्यांची कवळी अजून वाटीतच होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, आशीर्वाद झाला. आता घरी जायचं."

मास्तर हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग डोळ्यांतून पाणी. हा माणूस असा हसलेला मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर बघितला नव्हता. चिमणी टेबलावर डोकं ठेवून हसतेय. "बाबा, तुम्हाला खरंच नव्हतं यायचं?" "अगं, मला दहावीचे नवे वर्ग मिळणारेत! पहाटे उठून रडू येतं मला!" चिमणी म्हणाली, "माझी राज्याची निवड आहे जूनमध्ये. मी देवाला सांगत होते, माझा पाय मुरगळू दे, म्हणजे निदान दुःख तरी होणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "मला काही नको. मला तुमच्या बाबांच्या शेजारी पुरा, म्हणजे झालं."

सगळे इतके हलके झाले की खोली मोठी वाटायला लागली. नाही म्हणायचं एकमतानं ठरलं. मीही हसले. खूप हसले. मग घास घशात अडकून ठसका लागला. मास्तरांनी पाठीवर थोपटलं, "सुटलो गं बाई, सुटलो."

हो. सुटलो.

१७ एप्रिल, दुपार

सामान आवरायला घेतलं. दोनदा भरलं, दोनदा काढलं. माझी मेणाची सुरी सापडेना. दवाखान्यात राहिली असणार. आणायला गेले.

१८ एप्रिल

सुरी आणायला काल गेले ती अंधार पडेपर्यंत तिथेच. लिलाववाल्याची पक्की कवळी घातली. काल संध्याकाळी त्यानं फाटकाबाहेर चालत्या गाडीवाल्याला थांबवून त्याचीच गाडी त्यालाच विकायचा प्रयत्न केला.

आणि आज सकाळी कवळी खिशात घालून आला. हिरडी सोलून निघालेली. "टोचते," म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मुद्दाम केलंय. टोचणारच. कवळी करून देणं म्हणजे लग्न लावून देणं, खरी कटकट पुढेच. इथे घास, तिथे घास, चार दिवसांनी परत बघ. घरी ही कटकट डॉक्टरांच्या वाट्याला जायची. मी घासून दिली. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात परत येतो."

मी म्हटलं, "ये."

का म्हटलं? पुढच्या आठवड्यात मी इथे नाही.

नर्सबाई तिथेच उभी होती. तिनं ते भाषांतर केलं नाही. मला मात्र म्हणाली, "तू पण काढणाऱ्यांतलीच." आणि सुया उकळायला निघून गेली.

काय समजते ती स्वतःला? मी आलेच कुठे होते? मला आणलं गेलं. दुधाच्या भीतीनं उठलेली बाई मी. डोकं भणभणतंय. खोली परत बदलली आहे आणि ही खोली मला मुळीच आवडलेली नाही.

१९ एप्रिल

दुपारी मास्तर पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. मी म्हटलं, "अहो, मी राहते थोडे दिवस."

"कुठे?"

"इथे."

त्यांनी सदऱ्याची घडी मोडली आणि परत घातली. "पाचारण?" हळूच विचारलं, रोगाचं नाव घ्यावं तसं.

"छे हो! सोळा जणांचं काम अर्धवट पडलंय. मेणातले दात असेच सोडले तर उन्हानं वाकडे होतील."

"आणि ते सोळा झाले की?"

मी सामानातले माझे कपडे वेगळे काढायला लागले.

"सतरावा येईल," मास्तर म्हणाले. गणितात त्यांना कुणी हरवत नाही.

"तुम्ही नाही म्हणा, मी येते."

"मी नाहीच म्हणतो," ते म्हणाले. "साफ नाही. मला तू घरी हवी आहेस." मग सदरा बाजूला ठेवला. "पण इथे तू रोज सकाळी चिडून उठतेस. घरी नुसतीच उठायचीस."

याचा अर्थ काय, ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, मलाही नीट कळलेला नाही, आणि बाहेर गेले. खिडकीतून दर मिनिटाला त्यांचं डोकं जात राहिलं. चिमणीचं कमी होतं म्हणून आता हे. बऱ्याच वेळानं आत आले. घामेजलेले.

संध्याकाळी चौघांचं मत घेतलं. यावेळी कुणी मागेपुढे बघितलं नाही. चिमणी: नाही. सासूबाई: "अजिबात नाही, जावई पाहायचाय तुला अजून." मास्तर: नाही. मी: राहते. तीनास एक. नियमाप्रमाणे बेत रद्द.

कुणीच उठेना. सासूबाई हनुवटी हलवत बसल्या. मग चिमणी म्हणाली, "बाबा, नियम सगळ्यांनी मिळून जायचं असेल तर आहे. आई एकटीच..." वाक्य तिनं तसंच टाकलं. ती दाराबाहेर पळाली, आणि या वेळी कुंपणाच्या आतून नाही, फाटकातून सरळ रस्त्यानं.

परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत धूळ. माझ्या कुशीत डोकं खुपसून म्हणाली, "तीन महिने. त्यावर एक दिवस नाही." मी म्हटलं, "पाय धू आधी."

२० एप्रिल

आभारकाकांकडे मास्तरांनी स्पष्ट सांगितलं, आम्हाला पाचारण नाही. काकांचा चेहरा उतरला, पण आभार मानले. मग मी माझं सांगितलं. ते गोंधळले.

"ताई, पाचारण मास्तरांना असतं तर तुम्हाला ठेवलंच असतं. पण नुसत्या बाईला... समितीपुढे काय सांगू? कुठल्या पदावर?"

"पद नको. दुधाचं पातेलं द्या आणि मागचं कपाट."

"पण ताई, मग तुम्हाला पाचारण झालं असं म्हणायचं का? तसं असेल तर साक्ष द्यावी लागेल, सभेत उभं राहून..."

"उभी-बिभी मी राहणार नाही," मी म्हटलं. "काही झालेलं नाही मला. कवळी टोचतेय लोकांची, एवढंच. तुम्ही अहवालात पाहुणी लिहा."

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की काय ते मागून कळेना.

२२ एप्रिल

बसपर्यंत सोडायला गेले. सासूबाईंनी माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाल्या, "माझी वरची जरा ढिली झालीय. पण असू दे. तू आलीस की बघ." चिमणी सगळ्यात शेवटी चढली, सगळ्यात आधी खिडकीशी आली. मास्तर म्हणाले, "डबा मला करता येतो. भाजी तेवढी नाही." मी म्हटलं, "यूट्यूबवर बघा." इतक्या वर्षांच्या संसाराचा निरोप हा असा. दुसरं काही सुचलंच नाही. बस हलल्यावर सुचलं, पण ते आता इथे लिहीत नाही.

परत येताना बाजारावरून आले. लिलाववाला स्टुलावर उभा होता. मेहुणा खाली पाट्या लावत होता. पुकारता पुकारता त्यानं मला बघितलं, मधेच कवळी काढली, उंच धरून सगळ्या बाजाराला दाखवली, परत घातली आणि पुढचा आकडा पुकारला. लाज नावाची गोष्टच नाही माणसाला.

२४ एप्रिल

दिवसभर बाक भरलेला. दुपारी नर्सबाईनं विचारलं, "तुझ्या घरचे पोचले का?" तेव्हा आठवण झाली. सकाळपासून फोन बघितलाच नव्हता.

सात निरोप, सगळे चिमणीचे. पोचलो. आई, किल्ली तुझ्याकडे आहे का? आई? फोन उचल ना. आजी पायरीवर बसलीय. बाबा शेजारच्यांकडून हातोडी आणतायत. शेवटचा: कुलूप तोडलं.

पर्स उघडून बघितली. घराची किल्ली आतल्या कप्प्यात. एका हातात कवळी धरून मी तिच्याकडे बघत राहिले.

मग फोन लावला. मास्तरांनी नवं कुलूप आणलंय, जुन्यापेक्षा भक्कम. त्याला किल्ल्या तीन आल्यात. एक त्यांच्याकडे, एक चिमणीकडे. मागून सासूबाईंचा आवाज आला, "मी कुठे जातेय कुलूप लावून? माझी तिला ठेव." ती म्हणे दारामागच्या खिळ्याला अडकवली आहे.

भाजी जमली का, विचारलं. जमली नाही. चिमणीच्या निवडीची तारीख आली. बाकी सगळं छान, मास्तर म्हणाले, आणि हे "छान" पहिल्यांदा खरं वाटलं. खूप वेळ बोललो. तीन महिन्यांनी नक्की येतेयस ना, असं मात्र तिघांपैकी कुणीच विचारलं नाही.

मीही आपणहून काही बोलले नाही. बाकावरचा सतरावा तोंड उघडून बसला होता, त्याच्या मापाचं प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं.